यांना कळता कामा नये

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या आणि (तूच म्हणतेस तसं) अजून मोठ्या न झालेल्या भावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या वेळी तू फोनवर सविस्तर सांगितलंस, पण तेव्हा माझं लक्ष दुसरीकडे होतं. कुठे होतं, ते पुढे येईलच. भावोजींचं रक्तदाब मोजायचं यंत्र अजून शाबूत आहे ना? दिवसातून सहा वेळा हात घालून घालून त्या यंत्रालाच धाप लागली असेल. त्यांना माझा आदरपूर्वक नमस्कार सांग आणि हे पत्र त्यांना वाचायला देऊ नकोस. भाचीला आशीर्वाद. तिलाही देऊ नकोस. तुझं वाचून झालं की फाडून टाक, आणि सगळे तुकडे एकाच डब्यात टाकू नकोस.

हे सगळं फोनवर का नाही सांगितलंस, असं तू विचारशील. आमचं घर दोन खोल्यांचं, आणि हिचे कान रक्ताच्या थेंबातला फरक ओळखणाऱ्या बाईला शोभतील असे तिखट. (थेंबाचा आणि कानाचा संबंध नाही हे मला कळतं. पण ही बावीस वर्षं हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासतेय, तिला सगळंच बारीक दिसतं आणि ऐकू येतं.) शिवाय हल्ली माझा कुठल्याच साधनावर विश्वास उरलेला नाही, कारण मी माहितीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम केलाय. गुप्तलेखन शिकलोय, ताई. वयाच्या बावन्नाव्या वर्षी.

हौस म्हणून नव्हे. तीन महिन्यांपूर्वी आमच्या हॉस्पिटलात एक भानगड झाली. एका बसचालकाच्या डोळ्यांचा रिपोर्ट त्याच्या हातात पडायच्या आधी त्याच्या साहेबांच्या टेबलावर जाऊन पडला. माणसाला गाडीवरून उतरवलं आणि तिकिटांच्या खिडकीत बसवलं. चौकशी झाली. रिपोर्ट कुणी नेला ते कळलं नाही, कुठून गेला ते मात्र कळलं. रेकॉर्ड रूममधून. म्हणजे माझ्या खोलीतून. (संगणकाचा पासवर्ड मी चिठ्ठीवर लिहून पडद्यालाच चिकटवला होता, विसरायला नको म्हणून.) त्या खिडकीवर मी पुढे एकदा मुद्दाम गेलो. त्याने मान वर न करता तिकीट दिलं. माफी मागावी म्हणून गेलो होतो, पण मागे रांग होती आणि माझी जीभ उचलेना. तिकीट घेऊन नको त्या ठिकाणी जाऊन आलो. असो. मग वरिष्ठांनी ठरवलं की सगळ्या विभागांतल्या दोघादोघांनी सहा शनिवार दुपारी बसून माहिती सांभाळायला शिकायचं. रेकॉर्डमधून मी. प्रयोगशाळेतून ही.

मी खूश झालो होतो गं. तेवीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं एका बाकावर शेजारी शेजारी कधी बसलो होतो? नवा शर्ट घातला. आणि शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं की सराव जोडीने करायचा, आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून पडतील. माझ्या वाट्याला आला रुग्णवाहिकेचा चालक. हिच्या वाट्याला आले भूलवाले डॉक्टर.

तू त्यांना पाहिलेलं नाहीस. (मनातल्या मनात मी त्यांना 'तो' म्हणतो. पत्रात 'ते' लिहितोय ते तू लहानपणी पाठीत घातलेल्या धपाट्यांमुळे.) एकटे राहतात. आवाज असा की नुसतं 'बसा' म्हणाले तरी माणसाला झोप यावी. चालताना बुटांचा आवाज होत नाही. अक्षर मोत्यासारखं! आता तूच सांग, डॉक्टर असून अक्षर चांगलं असणं हे संशयास्पद नाही का? संत्रं सोलतात ते साल कुठेही न तोडता, एका लांब पट्टीत, आणि मग निम्म्या फोडी समोरच्याला देतात. समोर ही. आणि ताई, मुख्य म्हणजे ज्या माणसाचा धंदाच मुळी दुसऱ्याची शुद्ध घालवायचा, त्याच्याशेजारी आपली बायको बसलेली कुणाला आवडेल? ही त्यांच्या कुठल्याशा वाक्यावर हसली. मी तिसऱ्या बाकावरून पाहिलं. असं ती घरी शेवटची हसली होती ते मी नव्या खुर्चीवरून पडलो तेव्हा.

पहिला धडा सोपा होता. प्रत्येक व्यंजन ठरावीक घरं पुढे सरकवायचं. तीन घरं सरकवली की 'क'चा होतो 'घ', 'म'चा 'ल', आणि 'ह' आणि 'ळ' शेवटी असल्यामुळे वळसा घालून पुन्हा सुरुवातीला येतात. काना, मात्रा, वेलांटी आहे तिथेच. म्हणजे 'मी येतो' असं लिहायचं असेल तर लिहायचं 'ली वेधो'. समोरच्याला किती घरं ते ठाऊक असेल तर तो उलट मोजून वाचणार, बाकीच्यांना ती बरळ वाटणार. बाईंनी नियम घातला की रोज एक संदेश लिहून वर्गाच्या फलकावर उघड टाचायचा. सगळ्यांना दिसू दे. दिसण्याने बिघडत नाही, किल्ली कळण्याने बिघडतं. आणि संदेश खरा हवा, उगाच पोपट-मैना नको, कारण ज्यात काही लपवण्यासारखं नाही त्यावर लपवायला शिकता येत नाही.

तुला आठवतं ना, तू आणि शेजारची ती घाऱ्या डोळ्यांची मैत्रीण माझ्यासमोर 'च'च्या भाषेत बोलायचात? मी सात वर्षांचा. तुम्ही फाटकापाशी उभ्या राहून म्हणायचात, 'चालाय चेऊन चकोन.' मी महिनाभर ते तोंडात घोळवत होतो. एक दिवस अंघोळ करताना अचानक उलगडलं: 'याला नेऊ नको.' मी तसाच ओल्या अंगाने धावत बाहेर आलो होतो, आणि तुम्ही दोघी निघून गेल्या होतात. ताई, मी मत्सरी आहे असं तू सगळ्यांना सांगतेस. पण त्याची सुरुवात कुणी केली, याचाही एकदा विचार कर.

तर फलक. माझा जोडीदार चालक हा सरळ माणूस. त्याने पहिल्या दिवशी टाचलं 'चाती धवाश आखे'. मी उलट मोजलं: 'गाडी तयार आहे.' दुसऱ्या दिवशीही गाडी तयार आहे. तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, बाबा रे, काहीतरी खरं लिही. तो म्हणाला, 'साहेब, खरंच तयार आहे.' पण त्याच्या कृपेने एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. मराठी माणूस काहीही लिहो, वाक्य फिरून फिरून 'आहे'वर येऊन बसतं. हिच्या चिठ्ठीत पहिलं वाक्य संपत होतं 'आघे'वर. 'ह'चा 'घ' झाला म्हणजे पाच घरं! रेकॉर्ड रूममध्ये दार लावून बसलो आणि पाच-पाच घरं मागे मोजत सुटलो. शेवटचं वाक्य होतं 'षांमा चङपा चाशा मषे'. सगळं मिळून निघालं ते असं, ताई: 'फाइल माझ्याजवळ आहे. उद्या चारला वर आणते. यांना कळता कामा नये.'

'यांना' म्हणजे कोणाला? तेवीस वर्षांत या बाईच्या तोंडी 'हे' म्हणजे एकच माणूस.

दुसऱ्या दिवशी पावणेचारलाच मी तिसऱ्या मजल्यावर. शस्त्रक्रियागृहाच्या बाजूला त्यांची छोटी खोली आहे, दाराला काच. समोर हिरव्या चादरींनी गच्च भरलेली ढकलगाडी उभी होती, तिच्या मागे मी बसलो. चारला ही आली. छातीशी फाइल धरलेली. आत दोघं समोरासमोर. ते फाइल वाचतायत, ही वाकून बोट दाखवतेय. मग त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवून हिला काहीतरी हळू समजावून सांगितलं. (मला वाटलं, हृदयावर ठेवायचा हात जरा खाली गेला असेल.) हिने डोळे पुसले. आणि त्यांनी तांब्यातून पेला भरून हिला पाणी दिलं. ताई, अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला ही पाणी देते. हिला पाणी द्यावं हे मला तेवीस वर्षांत सुचलं नाही, ही गोष्ट वेगळी. पण ते त्यांना का सुचावं?

एवढ्यात वॉर्डबॉय आला आणि ढकलगाडी घेऊन गेला. मी मोकळ्या बोळात भिंतीशी उकिडवा. समोर मोठ्या सिस्टर.

'काय करताय?'

'पाट्यांचं शुद्धलेखन तपासतोय.'

त्यांनी दारावरची पाटी वाचली. तिच्यावर 'प्रवेश बंद' एवढंच होतं. 'बरोबर आहे?'

'बरोबर आहे.'

'मग निघा.'

संध्याकाळी जेवताना मी गप्प बसणार होतो. देवाशप्पथ बसणार होतो. पण हिने भाजी वाढताना सहज विचारलं, आज काय विशेष? आणि माझ्या तोंडून निसटलं, 'विशेष काही नाही, आणि असलं तरी आम्हाला कळता कामा नये.' हिचा डाव जागच्या जागी थांबला. माझ्याकडे पाहिलं. मग उरलेली भाजी वाढली, नेहमीपेक्षा थोडी कमी. दुसऱ्या दिवशी फलकावरून हिची चिठ्ठी गायब, आणि दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला तो संगणकावर.

त्याचं असं आहे. बाईंनी सरावासाठी एक कार्यक्रम दिला होता. त्यात आपला संदेश लिहायचा आणि एक किल्लीचा शब्द द्यायचा. त्या शब्दातल्या अक्षरांप्रमाणे यंत्र पहिलं अक्षर इतकी घरं, दुसरं तितकी, असं वेगवेगळं सरकवतं. 'आहे'चं एकदा काही होतं, पुढच्या वेळी भलतंच. माझी युक्ती जागच्या जागी मेली. हॉस्पिटलच्या सगळ्या संगणकांवर तो सामायिक फलक दिसायचा. रोज सकाळी हिचा एक संदेश, दुपारी त्यांचं उत्तर. माझ्याच डोळ्यांसमोर, माझ्याच टेबलावर, आणि मला त्यातलं एक अक्षर कळू नये! कुणी भिंतीपलीकडे कुजबुजलं तर माणूस कान लावतो. हे तर माझ्या तोंडासमोर ओरडत होते.

तेव्हापासून, ताई, मी शिकलो. असा शिकलो की शाळेत शिकलो असतो तर आज तू माझा फोटो दिवाणखान्यात लावला असतास. शनिवारी वर्ग सुटल्यावर बाईंना अडवून तास तासभर प्रश्न विचारायचो. छोट्या किल्लीचा शब्द कसा मोजून काढतात, माणसं किल्लीला कुठले शब्द निवडतात, मोठी किल्ली असेल तर काय. बाई म्हणायच्या, इतकी तळमळ मी कुणात पाहिली नाही. तळमळ होतीच, फक्त तिचं कारण तिसऱ्या मजल्यावर होतं. त्यांनी एक वाक्य सांगितलं ते मी वहीत दोनदा अधोरेखित केलं: कुलूप सहसा फुटत नाही, फुटतो तो माणूस.

(मध्येच एक लाजिरवाणी गोष्ट. चौथ्या शनिवारी बाईंनी उघडी कुलपं वाटली. जगाला उघडं कुलूप द्यायचं, किल्ली एकट्याने ठेवायची. मग कुणीही आपल्यासाठी पेटी बंद करू शकतो, उघडू मात्र आपणच शकतो, हे समजावायला. मी ते खिशात टाकून आणलं, आणि फलकावर त्या दोघांचा नवा संदेश बघता बघता हाताला चाळा म्हणून रेकॉर्ड रूमच्या कपाटाच्या कडीत अडकवलं. खट्. किल्ली बाईंकडे, बाई पुढच्या शनिवारपर्यंत नाहीत. दोन दिवस सगळ्या हॉस्पिटलला जुनी फाइल मिळेना. शेवटी चालकाला बाईंच्या घरी पाठवलं. तो मला म्हणाला, 'बघा साहेब, तयार होती म्हणून.')

किल्लीचा शब्द मी ओळखून काढायचं ठरवलं. हिच्या माहेरचं नाव घालून पाहिलं. हिच्या आईचं, शाळेचं, लग्नाची तारीख अक्षरी. नाही. मग मन वाईट दिशेला वळलं आणि मी तसले शब्द घालू लागलो. ते कुठले, ते मी तुला लिहिलं नसतं, पण आता लपवण्यात अर्थ नाही, कारण पाचव्या शनिवारी बाईंनी ते भिंतीवर दाखवले. म्हणाल्या, आज आपण हल्ला कसा ओळखायचा ते बघू. आपल्याच संस्थेतल्या एका संगणकावरून एका जोडीच्या संदेशांवर आठवडाभरात एकशे छत्तीस वेळा चुकीच्या किल्ल्या लावल्या गेल्या आहेत, आणि यंत्र प्रत्येक प्रयत्न टिपून ठेवतं. (हे कोणी मला आधी सांगितलं होतं? मी त्या दिवशी कुलपात गुंतलो होतो.) आणि भिंतीवर, हाताएवढ्या अक्षरांत, एकाखाली एक: 'भूल'. 'मोहिनी'. 'संत्रं'. 'चारवाजता'. 'प्राणनाथ'. 'प्राणनाथा'. 'प्राणसखा'. आणि शहाण्णवावा, भर रागात घातलेला: 'लाजवाटतेका'.

सबंध वर्ग लोटपोट. बाईंनी संगणक कुणाचा ते सांगितलं नाही, देव त्यांचं भलं करो. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने. चालक माझ्या कानाशी लागून म्हणाला, 'कुणीतरी फार दुखावलेला आहे हो.' डॉक्टर हसत नव्हते, वहीकडे बघत होते. आणि ही मागे वळून थेट माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. रागाने बघितलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं.

त्या संध्याकाळी घरी ती विषयाचं नावही काढेना. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलेला. आतून हाक आली, 'अहो, जेवायला चला.' मी उठलो नाही. 'अहो, ऐकलंत का?' मी पान उलटलं. मग ती दारात येऊन उभी राहिली आणि एकेक अक्षर वेगळं करून, लहान मुलाला बाराखडी शिकवावी तशी म्हणाली, 'अ-हो.'

आणि ताई, मला एकदम अंघोळीतला तो दिवस आठवला.

हा शब्द या घरात दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो. शेजाऱ्यांना पाठ आहे. दूधवाल्याला पाठ आहे. म्हणूनच तो गुप्त असू शकेल असं माझ्या डोक्यात आलं नाही. सोमवारी कामावर गेल्या गेल्या दार लावलं आणि तो घातला. एकशे सदतिसावा प्रयत्न. सगळा फलक भराभर उघडला. तू विचार कर, परक्या माणसाशी बोलण्यासाठी या बाईने किल्ली निवडली ती ही.

हिचा पहिला संदेश: 'दोन वर्षं झाली. गाठ वाढली आहे. वाकताना हळूच धरतात, मला दिसत नाही असं त्यांना वाटतं.' त्यांचं उत्तर: 'फाइल पाहिली. साधा हर्निया आहे, पण किती दिवस थांबणार? हृदय उत्तम आहे. तपासण्या पुन्हा करू.' ही: 'करायला तयार होणार नाहीत. त्यांचे वडील ऑपरेशनला हसत आत गेले होते, ते परत आलेच नाहीत. त्याबद्दल ते बोलत नाहीत. हॉस्पिटलात कुणाला कळलं की ते घाबरतात, तर त्यांना फार लागेल.' ते: 'मग आपल्या दोघांतच ठेवू.' ही: 'तुम्ही त्यांच्याशी ओळख वाढवा ना. तुमच्यावर का कोण जाणे ते खार खाऊन आहेत.' ते: 'मला त्यांची जरा भीतीच वाटते. पण तुमच्यासारखी काळजी करणारं माणूस त्यांना आहे, याचा हेवा वाटतो.'

हो ताई, हर्निया. तुलाही सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी निदान झालं, ऑपरेशन करा म्हणाले, आणि मी माझी फाइल सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागच्या रांगेत, भलत्याच अक्षराखाली ढकलून दिली. शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या त्या बाकावर बाबांचा चष्मा हातात घेऊन तू आणि मी बसलो होतो, ते मी विसरलेलो नाही. तू विसरली आहेस असं मला उगाच वाटायचं, म्हणून तुझाही राग यायचा. जे गुपित फोडायला मी महिनाभर जीव काढला, ते माझंच निघालं. एका रुग्णाची खाजगी माहिती मी चोरून वाचली, आणि तो रुग्ण मीच! तक्रार करायची तर फिर्यादीही मी आणि आरोपीही मी.

सगळ्यात शेवटचा संदेश हिने रविवारी सुट्टी असताना मुद्दाम जाऊन घातला होता. 'अहो, वाचून झालं असेल तर चारला वर या. लपू नका. आम्ही दार उघडं ठेवतो.'

गेलो. खोलीत तीन खुर्च्या होत्या, तिसरी रिकामी. ही म्हणाली, 'किती उशीर केलात.' मी विचारलं, फाइल सापडली कशी? तर म्हणते, 'खालच्या कप्प्यात, मागच्या रांगेत. घरीसुद्धा तुम्ही सगळं तिथेच लपवता.' डॉक्टरांनी पेला भरून पाणी पुढे केलं. मी तो पेला हिला दिला. (हिने तो दोन्ही हातांनी घेतला.) मग मी बोललो, ताई. बाबांचं सगळं. तो चष्मा, तो बाक, बाहेर आलेल्या डॉक्टरांनी काही न सांगता नुसतीच काढलेली टोपी. शेवटी डॉक्टर म्हणाले, 'कापणारे त्यांचं काम करून जातात. मी जात नाही. तुम्ही डोळे उघडेपर्यंत तुमच्या उशाशी असतो.'

आता इतकं सुंदर वाक्य बोलणाऱ्या माणसाचा राग कसा येणार? पण आला. हे वाक्य माझ्या बायकोसमोर बोलायची काय गरज होती? मला एकट्याला बाजूला घेऊन सांगता आलं नसतं? आणि तो हेवा! वाटतो तर वाटू दे, लिहून कशाला द्यायचा? बाईंनी खरा संदेश लिहा म्हटलं होतं, इतका खरा नव्हे. मी ऑपरेशनला हो म्हणालो, ते थोडं हिच्यासाठी, थोडं बाबांसाठी आणि बरंचसं या माणसासमोर भित्रा दिसू नये म्हणून. लोक म्हणतात मत्सराने माणसाच्या पोटात दुखतं. माझ्या बाबतीत ते डॉक्टरांनी तपासून लेखी दिलेलं आहे.

परीक्षेत ही पहिली आली, डॉक्टर दुसरे, मी तिसरा. बाईंनी चिकाटीसाठी माझा वेगळा उल्लेख केला. पडद्यावरची चिठ्ठी मी काढून टाकली आहे, आणि कालच पुन्हा त्या खिडकीवर गेलो. रांग नव्हती. माझं नाव आणि खातं सांगितलं, चूक माझी होती म्हणालो. त्याने या वेळी मान वर केली. म्हणाला, 'चष्मा लागला आता. परत परीक्षा देतोय.' एवढंच.

घरातल्या सगळ्यांना यथायोग्य सांग, आणि मी इथे खुशाल आहे यातलं जेवढं पटेल तेवढं मानून घे.

तुझा,
धाकटा

ता. क. ऑपरेशन गुरुवारी सकाळी आहे. तू बुधवारी आलीस तर बरं होईल. मला भीती वाटते म्हणून नव्हे. हिला सोबत हवी.

ता. क. दुसरा. हिला सोबत नको आहे, मला हवी आहे. पण खरं कारण वेगळंच. चालक सांगत होता की भूल उतरताना माणूस वाटेल ते बडबडतो. त्याच्या मामाने म्हणे शेजारणीचं नाव घेतलं. माझ्या उशाशी ते डॉक्टर असणार आणि पायाशी ही. मी काय बोलून बसेन याचा नेम नाही. डॉक्टरांविषयी बोललो तरी लाज, आणि हिच्याविषयी काही फार मऊ बोललो तर त्याहून लाज. तू माझ्या तोंडाजवळ बस आणि मी 'प्राण' एवढं जरी म्हणालो, तरी लगेच हात ठेव.

ता. क. तिसरा. वन्सं, नमस्कार. अक्षर वेगळं दिसेल, मी लिहितेय. हे पत्र पोस्टात टाकायला त्यांनी माझ्याकडेच दिलं, आणि पाकीट चिकटवायला विसरले. ऑपरेशन गुरुवारी नाही, बुधवारी आहे. मंगळवारी संध्याकाळी सांगणार आहे, आधी सांगितलं तर हे बुधवारी कुठेतरी तिकीट काढून निघून जातील. तेव्हा तुम्ही मंगळवारीच या. आणि एक विनंती आहे. त्यांच्या तोंडावर हात ठेवू नका. तेवीस वर्षं मी वाट बघतेय, एकदा तरी काय बोलतात ते मला ऐकू द्या.